‘सेटअप उघडण्याआधीच ट्रोजन सापडला’ या तुमच्या अभिप्रायाला उत्तर

सप्रेम नमस्कार,

फायलींची नावं एकगठ्ठा बदलणाऱ्या आमच्या प्रोग्रॅमला तुम्ही एक तारा दिलात आणि लिहिलंत: ‘सेटअप डाउनलोड होते न होते तोच अँटीव्हायरसने ट्रोजन म्हणून उचलली. मदत मागितली तर उत्तर आलं, पाच मिनिटं अँटीव्हायरस बंद ठेवा आणि इन्स्टॉल करा. व्हायरस पसरवणारेही हेच सांगतात.’

शेवटचं वाक्य मला लागलं, कारण ते खरं आहे. म्हणून आधी त्याबद्दल, मग ट्रोजनबद्दल, म्हणजे कामाच्या प्रोग्रॅमचं सोंग घेऊन येणाऱ्या व्हायरसबद्दल.

तुम्हाला उत्तर देणाऱ्या सहकाऱ्याचा यात दोष नाही. मदतीसाठी आमच्याकडे काही तयार उत्तरं आहेत, त्यात ते वाक्य चार वर्षांपासून होतं आणि ते मीच लिहिलं होतं. परवा काढून टाकलं. अँटीव्हायरस बंद करा, हा सल्ला कुठल्याच सॉफ्टवेअर विकणाऱ्याने देऊ नये. इन्स्टॉलरला आपण अ‍ॅडमिनचे, म्हणजे संगणकात काहीही बदलायचे, अधिकार देतो. त्या फाइलमध्ये खरंच काही वाईट असेल, तर तेवढ्या पाच मिनिटांत ती अँटीव्हायरसच्या अपवादांच्या यादीत स्वतःचं नाव घालून मोकळी होते. नंतर अँटीव्हायरस चालू केला तरी तो तिच्याकडे बघतसुद्धा नाही.

आणि हे नुसतं शक्यतेपुरतं नाही. मार्च २०२३ मध्ये थ्रीसीएक्स या कंपनीच्या फोन-अ‍ॅपवर सेंटिनलवन हे सुरक्षा सॉफ्टवेअर इशारे देऊ लागलं. अ‍ॅप नावाजलेलं, फाइल कंपनीच्याच अपडेटमधून आलेली, वर कंपनीची वैध डिजिटल सही, म्हणजे फाइल त्यांचीच असल्याची खूण. साहजिकच काही ग्राहकांना तो खोटा इशारा वाटला. आठवडाभरात कळलं की कंपनी जिथे प्रोग्रॅम तयार करते तिथेच हल्लेखोर शिरले होते आणि इशारा अगदी खरा होता. ही गोष्ट माहीत असूनही आमचं तयार उत्तर जागच्या जागी राहिलं, याचं मला फार वाईट वाटतं. तुम्ही थांबलात ते योग्य केलंत.

आता तुमच्या फाइलबद्दल.

तुमचा अभिप्राय मी शनिवारी रात्री वाचला आणि पहिली शंका आली ती आमच्याच सर्व्हरची. कोणी फाइल बदलून तर ठेवली नाही? त्यामुळे सर्व्हरवर लोक उतरवून घेतात तीच फाइल मीही उतरवली आणि तिचा एसएचए-२५६ काढला. हा म्हणजे फाइलच्या बोटांचा ठसा समजा: चौसष्ट अक्षर-अंकांची ओळ. फाइलमधला एक बाइट इकडचा तिकडे झाला तरी सगळी ओळ बदलते. प्रत्येक आवृत्ती तयार झाली की तिचा ठसा आम्ही सर्व्हरपासून वेगळ्या जागी नोंदवून ठेवतो. दोन्ही ठसे जुळले. तेवढ्याने माझं समाधान झालं नाही, कारण थ्रीसीएक्सच्या बाबतीत फाइल बिघडली होती ती ठसा घेण्याच्याही आधी. मग रविवारी एका कोऱ्या संगणकावर मूळ कोडपासून प्रोग्रॅम पुन्हा बांधला, दोन्ही सेटअप उलगडल्या आणि आतल्या फायली एकेक करून ताडून पाहिल्या. फरक निघाला तो फक्त बांधणीच्या तारखा-वेळांचा.

त्यानंतर फाइल व्हायरसटोटल या संकेतस्थळावर टाकली. तिथे एकच फाइल वेगवेगळ्या अँटीव्हायरसची सुमारे सत्तर इंजिनं तपासतात. पाच इंजिनांनी बोट दाखवलं. पाच हा आकडा ऐकून धडकी भरते, पण त्यांनी दिलेली नावं वाचावी लागतात. ज्या व्हायरसची खात्रीने ओळख पटलेली असते, त्याला ठरलेलं कुळ असतं, नाव असतं. आमच्या बाबतीत पाचही ठिकाणी ‘जेनेरिक’, ‘हेउर’ अशी मोघम लेबलं होती. त्यांचा अर्थ ‘हा चोर माझ्या ओळखीचा आहे’ असा होत नाही, ‘याची चाल मला चोरासारखी वाटते’ असा होतो. शिवाय बऱ्याच कंपन्या दुसऱ्याचं इंजिन परवान्याने घेऊन वापरतात, त्यामुळे पाच इशारे म्हणजे पाच स्वतंत्र मतं असतातच असं नाही.

हे उलट बाजूनेही लक्षात ठेवा. सत्तरांपैकी एकही इंजिन बोललं नाही म्हणजे फाइल स्वच्छ, असंही धरू नका. आज सकाळी लिहिलेला व्हायरस दुपारपर्यंत कोणालाच माहीत नसू शकतो. (आणि तिथे स्वतःची खासगी कागदपत्रं कधीच टाकू नका. टाकलेली फाइल सुरक्षा कंपन्यांना मिळते.)

मग आमची चाल चोरासारखी का दिसली? याचं उत्तर शोधायला मी दोन रात्री बसले. जे सापडलं त्यातलं बरंचसं आमच्याच पदरात पडतं.

आमचा प्रोग्रॅम करतो काय, तर एका फोल्डरमधल्या हजारभर फायली उघडतो, त्यांची नावं बदलतो आणि हे काही सेकंदांत उरकतो. तुमच्या सुट्टीच्या फोटोंच्या बाबतीत हे सोयीचं आहे. पण खंडणीखोर रॅन्समवेअर जेव्हा फायली कुलूपबंद करतं, तेव्हा बाहेरून तेही अगदी असंच दिसतं: एकामागोमाग एक फायली, नावं बदलत चाललेली, मधे माणसाचा हात नाही. त्यात आम्ही एक शॉर्टकट दिला आहे, कुठल्याही खिडकीत असलात तरी चालणारा. त्यासाठी आम्ही कीबोर्डवर सतत कान ठेवायची पद्धत वापरली होती, आणि कळांची नोंद चोरणारे प्रोग्रॅमही तीच वापरतात. तिसरं म्हणजे आमचा अपडेटर. तो इंटरनेटवरून फाइल आणतो आणि चालवतो. ट्रोजन डाउनलोडरचं वर्णन करायचं झालं तर याच शब्दांत करता येईल.

पण हे तिन्ही गुण आधीच्या आवृत्तीतही होते आणि तेव्हा कोणी हरकत घेतली नव्हती. या वेळी नवीन काय झालं? आम्ही सेटअप लहान व्हावी म्हणून यूपीएक्स वापरलं. हा प्रोग्रॅमच दाबून छोटा करणारा पॅकर आहे, उघड आहे, जुना आहे, त्यात वावगं काही नाही. फाइल जवळजवळ निम्मी झाली तेव्हा आम्हाला आनंदच झाला होता. अडचण अशी की दाबलेल्या फाइलचा आतला कोड वरून वाचता येत नाही, आणि व्हायरस लिहिणारे हेच आडोसा म्हणून वापरतात. थोडक्यात, आम्ही तोंडावर रुमाल बांधून दारात उभे राहिलो आणि पहारेकऱ्याने अडवलं. यूपीएक्स काढून तीच आवृत्ती पुन्हा तपासली, तर पाचातले चार इशारे गेले. उरलेला एक तुमच्या अँटीव्हायरसचा होता.

त्या कंपनीकडे चुकीच्या इशाऱ्याची तक्रार करण्याचा ठरलेला मार्ग आहे, बहुतेक कंपन्यांकडे असतो. फाइल, तिचा ठसा आणि प्रोग्रॅम काय करतो याचं साधं वर्णन आम्ही पाठवलं. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं की फाइल निर्दोष आहे आणि पुढच्या अपडेटमध्ये ही ओळख काढली जाईल. ती निघाली आहे, मी काल पुन्हा तपासून पाहिलं.

मला त्यांचा राग नाही. रोज इतके नवे नमुने येतात की प्रत्येक फाइल माणसाने बघणं शक्य नाही, म्हणून अंदाज बांधावाच लागतो, आणि अंदाज कधीतरी चुकतो. मोठमोठ्यांचा चुकलेला आहे. २१ एप्रिल २०१० ला मॅकअ‍ॅफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःची एसव्हीसीहोस्ट ही अत्यावश्यक फाइल व्हायरस ठरवली आणि ठिकठिकाणचे संगणक पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत राहिले. सप्टेंबर २०१२ मध्ये सोफॉसच्या अँटीव्हायरसने स्वतःच्याच अपडेटरला पकडलं. तरीही मी माझ्या घरच्या संगणकावर अँटीव्हायरस ठेवते आणि तुम्हीही ठेवा.

तुम्ही आणखी एक लिहिलंत, की एक निळी खिडकीही आली होती, ‘विंडोजने तुमच्या पीसीचं संरक्षण केलं’ अशा अर्थाची. ती वेगळी. ती स्मार्टस्क्रीन या विंडोजच्याच पहारेकऱ्याची. तिने फाइलमध्ये व्हायरस पाहिलेला नसतो. ही फाइल आणि तिच्यावर सही करणारा अजून पुरेसा ओळखीचा नाही, एवढंच ती सांगते. नवी आवृत्ती काढली की फाइल नवी, ठसा नवा, म्हणजे तिची पत पुन्हा शून्यापासून. त्यात आम्ही भर घातली: घाईत मुख्य प्रोग्रॅमवर डिजिटल सही केली आणि बाहेरच्या सेटअपवर करायची राहिली. तुम्हाला त्या खिडकीत प्रकाशक ‘अज्ञात’ दिसला तो यामुळेच. ही चूक शंभर टक्के आमची.

आता नवी सेटअप चढवली आहे. यूपीएक्स नाही, आत-बाहेर दोन्हीकडे सही आहे, शॉर्टकटसाठी विंडोजची साधी नोंदणीची पद्धत घेतली आहे, त्यामुळे कीबोर्डवर कान ठेवावा लागत नाही. अपडेटर आता न विचारता काही आणत नाही. डाउनलोडच्या बटणाखालीच एसएचए-२५६ ठसा छापला आहे. फाइल मोठी झाली आहे, थोडा जास्त वेळ लागेल. यापुढे प्रत्येक आवृत्ती लोकांना देण्याआधी दोन दिवस इशाऱ्यांसाठी तपासली जाईल, आणि त्यासाठी तारीख पुढे गेली तरी चालेल असं आम्ही ठरवलं आहे.

राहिली एक गोष्ट, आणि ती मला स्पष्ट सांगायला हवी. मी हमी देऊ शकते ती आमच्या सर्व्हरवरच्या फाइलची. तुमच्या अँटीव्हायरसने क्वारंटाइनमध्ये, म्हणजे संशयित फायलींच्या बंद कप्प्यात, टाकलेली फाइल तीच होती का, हे मला तुम्ही लावलेल्या चित्रावरून ठरवता येत नाही. चित्रात नाव आमचंच दिसतं, पण नाव कोणीही देऊ शकतं. आमची सेटअप दुसऱ्या डाउनलोड साइटवाल्यांनी आपल्या जाहिरातींच्या वेष्टनात गुंडाळून ठेवल्याचं याआधी दोनदा आढळलं आहे. तेव्हा क्वारंटाइनमधली फाइल परत आणू नका, तिथूनच कायमची काढा. अपवादांच्या यादीत आमच्या नावाची काही नोंद केली असेल तर तीही काढा.

पुन्हा वापरून बघायचं मनात आलं तर नवी फाइल आमच्याच पानावरून घ्या आणि उघडण्याआधी ठसा जुळवा. पॉवरशेल (विंडोजमधली आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडून इंग्रजीत Get-FileHash लिहा, एक जागा सोडून फाइल खिडकीत ओढून टाका आणि एंटर दाबा. ओळ येईल. पहिली चार-पाच अक्षरं बघून थांबू नका, पूर्ण ताडा. लहान-मोठ्या लिपीतल्या अक्षरांचा फरक मात्र सोडून द्या. मग फाइलवर उजवं क्लिक करून गुणधर्मांमध्ये डिजिटल सहीचा भाग उघडा. तिथे आमच्या कंपनीचं नाव आणि सही वैध असल्याचं दिसलं पाहिजे. ठसा किंवा सही यातलं एक जरी जुळलं नाही तरी ती फाइल चालवू नका, मला कळवा. ठसा जुळूनही अँटीव्हायरसने अडवलं, तर तो सांगतो ते ऐका आणि इशाऱ्याचं पूर्ण नाव तेवढं मला पाठवा. तुमच्या बाजूने काहीही बंद करायची गरज नाही, पुढचं आम्ही त्या कंपनीशी बघून घेऊ.

तुमचे पैसे मी आज सकाळी परत पाठवले आहेत. तुम्ही मागितले नव्हते, पण वापरताच न आलेल्या वस्तूचे ते आमच्याकडे राहू नयेत. परवाना रद्द केलेला नाही. तारा बदला असं मी म्हणणार नाही. त्या दिवशी तुम्हाला जे मिळालं त्याला एकच तारा योग्य होता, आणि पुढे येणाऱ्याला तुमचा अभिप्राय आणि हे उत्तर दोन्ही एकाखाली एक वाचायला मिळावं.

आपली,
प्रोग्रॅमची निर्माती आणि कंपनीची मालक