कोडिंगचा पहिला तास मागाच्या कारखान्यात घ्या

परवा मुलीच्या शाळेत पालकसभा होती. नवा डिजिटल फळा दाखवला, पुढच्या वर्षापासून कोडिंग सुरू होणार, त्याची वेगळी फी, असं सगळं सांगून झालं. मी एवढंच विचारलं, "या फळ्यावर मुलं स्वतः काय करणार?" उत्तर आलं, "व्हिडिओ बघतील." तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात होतं.

माझ्या वडिलांनी सोलापूरच्या पूर्व भागात चाळीस वर्षं यंत्रमागावर चादरी विणल्या. लहानपणी डबा द्यायला गेलो की मी मागावर बसवलेल्या जकार्डकडे, म्हणजे नक्षी उमटवणाऱ्या यंत्राकडे, बघत उभा राहायचो. भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं, एकामागे एक ओवलेली, मागाच्या डोक्यावर फिरत असायची. भोक असेल तिथे सुई आत शिरते आणि ताण्याचा, म्हणजे उभ्या धाग्यांमधला, तेवढा धागा उचलला जातो. भोक नसेल तर धागा खालीच राहतो. चादरीवरचं फूल असो की वेलबुट्टी, सगळं या 'हो' आणि 'नाही'तून उमटतं.

फ्रान्सच्या जोसेफ मारी जकार्डने १८०४ च्या सुमारास हे यंत्र आणलं. गणनयंत्राला कार्डांवरून हुकूम द्यायची कल्पना इंग्रज गणितज्ञ चार्ल्स बॅबेजने इथूनच उचलली. पुढे १८९० च्या अमेरिकेच्या जनगणनेत हर्मन हॉलेरिथने माणसांची मोजदादही भोकांच्या कार्डांवर केली. मला हे कळलं इंजिनिअरिंगला गेल्यावर, पुस्तकातून. ज्या मागाच्या खडखडाटात मी वाढलो, त्याचं कॉम्प्युटरशी नातं आहे हे दहा वर्षांच्या शाळेत कुणी सांगितलं नाही. कारखाना शाळेपासून पाच मिनिटांवर होता. याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून माझं म्हणणं आहे की कोडिंगचा पहिला तास कारखान्यात घ्या. मग वर्गात येऊन चौकटीच्या कागदावर सोळा बाय सोळाची नक्षी काढायला लावा. भरलेली चौकट एक, रिकामी शून्य. एकाने ओळी वाचायच्या, दुसऱ्याने चित्र न बघता नक्षी उतरवायची. एक आकडा चुकला की फूल फाटतं, आणि चूक नेमकी कुठल्या ओळीत झाली ते दोघांनी मिळून शोधायचं. प्रोग्रॅमिंगमधलं अर्धं काम हेच असतं. मी रोज तेच करून पोट भरतो, म्हणून खात्रीने सांगतोय. याला खर्च फक्त कागदाचा.

गणिताचंही तसंच. आपल्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, हे सोलापूरकरांना काय सांगायचं! तरी 'पाणी वाचवा' प्रकल्पात माझ्या मुलीने दुकानातून आणलेली चित्रं चिकटवली आणि तिला पूर्ण गुण मिळाले. घरची टाकी हजार लिटरची, माणसं पाच, पाणी पाच दिवसांनी. म्हणजे माणशी रोज चाळीस लिटर. शहरी पाणीपुरवठ्याचा सरकारी निकष १३५ लिटरचा आहे. हा भागाकार वर्गातल्या प्रत्येक मुलाने आपापल्या घरचा केला असता, तर पाचवीतल्या पोरांनी मोठ्यांना विचार करायला लावणारे प्रश्न विचारले असते.

आणि भाषा. आमच्या घरात तेलुगू, शेजारी कन्नड, पलीकडच्या गल्लीत उर्दू, शाळेत मराठी. याला आपण अडचण समजतो. एकच गोष्ट घरी आजीला तेलुगूत आणि वर्गात मराठीत समजावता येणं ही केवढी मोठी तयारी आहे! परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, तेव्हा सगळीकडे पुस्तकातल्या क्यूआर कोडची चर्चा झाली. पण मुलींच्या घरची भाषा कन्नड आहे हे बघून ते आधी कन्नड शिकले, याबद्दल फार कमी लोक बोलले. मला त्यांचं तेच काम जास्त मोठं वाटतं.

मोबाईलवरच्या एआयला शाळांनी घाबरू नये, पण त्याला तपासायला मुलांना शिकवावंच लागेल. माझ्या मुलीने त्याच्याकडून चादरीवर निबंध लिहून घेतला. त्यात सोलापुरी चादर हातमागावर विणली जाते असं ठोकून दिलं होतं. वडिलांनी ऐकलं आणि तिला जवळ बसवलं. हातमाग कुठला, यंत्रमाग कुठला, आडवा धागा नेणारा धोटा कसा धावतो, जकार्ड कुठे बसतं, तासभर सांगितलं. पोरगी शेवटी आजोबांना म्हणाली, "ताता, मग मोबाईलला हे कसं माहीत नाही?" त्या संध्याकाळी ती जे शिकली, ते कुठल्या फळ्यावरून शिकली असती?

शिक्षकांना दोष देत नाहीये मी. माहिती भरता भरता त्यांचा दिवस जातो, वर्गात साठ मुलं असतात. महिन्यातून एक दुपार त्यांना अभ्यासक्रमाच्या घाईतून मोकळी करून द्या, एवढंच संस्थाचालकांना आणि आपल्यासारख्या पालकांना सांगणं आहे.

वडिलांच्या एका जुन्या सोबत्याकडे जकार्डचे चार माग अजून चालू आहेत. जुनी कार्डंही त्यांनी जपून ठेवली आहेत, मुलांना हात लावून बघता येतील. ते म्हणाले, कुठल्याही शाळेची मुलं येऊ देत, मी माग थांबवून एकेक भाग दाखवतो. वडीलही सोबत असतील. एका वेळी वीसच मुलं, कारण जागा अरुंद आहे. कुणा शिक्षकांना यायचं असेल तर खाली कमेंटमध्ये लिहा, वार ठरवू.