स्वरकाफिया मतल्यातच ठरतो

मराठी गझलेत स्वरकाफियाचा, म्हणजे काफियात (यमकाच्या शब्दात) फक्त शेवटचा स्वर जुळवण्याचा, वाद काही मिटत नाही. नुसता शेवटचा स्वर जुळवून भागवलेली रचना गझल नव्हेच, असं एक बाजू म्हणते. तंत्राच्या हट्टापायी आशयाचा बळी जातो, असं दुसरी. अमेरिकेत राहून हे वाचताना दोन्ही बाजू मला अपुऱ्या वाटतात. इथल्या इंग्रजी गझलेने हाच प्रयोग पार टोकाला नेऊन पाहिलाय.

अमेरिकन कवयित्री एड्रिएन रिच यांनी १९६८ मध्ये गालिबच्या प्रेरणेने इंग्रजी गझला लिहिल्या. सुट्या द्विपदी, म्हणजे शेर, ठेवल्या; काफिया आणि त्यामागे जसाच्या तसा परत येणारा रदीफ सोडून दिले. कविता म्हणून त्या कसदार आहेत. पण पहिली ओळ ऐकल्यावर दुसरी कुठे जाऊन टेकणार, ही ओढ त्यांत उरत नाही, आणि शेराची निम्मी ताकद त्या ओढीत असते. पुढे मूळचे काश्मीरचे कवी आगा शाहिद अली यांनी काफिया-रदीफ हवाच असा आग्रह धरला आणि २००० मध्ये तशा इंग्रजी गझलांचं संकलन काढलं. नियम परत आले ते कानाला हवे होते म्हणून.

आता मराठीकडे. भुजंगप्रयातात, म्हणजे लगागा (लघु-गुरू-गुरू) चार वेळा, हा साधा मतला, म्हणजे दोन्ही ओळींत काफिया असलेला पहिला शेर, घ्या:

मला त्या घराची व्यथा आठवेना
पुन्हा पावसाची कथा आठवेना

'आठवेना' रदीफ, 'व्यथा-कथा' काफिया, 'था'च्या आधीचा 'अ' ही अलामत, म्हणजे प्रत्येक काफियात कायम राहणारा स्वर. पाच शेरांना सहा काफिये लागतात. 'प्रथा' मिळते आणि मग गाडी अडते. 'गाथा', 'वृथा' अलामतीत बसत नाहीत. 'अन्यथा', 'सर्वथा' बसतात, पण 'आठवेना'शी त्यांचं जमत नाही. इथे कवी ओढूनताणून शेर लिहितो, किंवा तिसऱ्या शेरात गुपचूप 'दिशा' आणतो. हा दुसरा मार्ग साफ चूक. मतल्याने 'था' कबूल केलाय, ऐकणारा 'था'चीच वाट बघतोय.

पहिल्या ओळीतली 'व्यथा' काढून 'दिशा' ठेवा. वृत्त तेच राहतं, पण आता फक्त शेवटचा 'आ' जुळतो, आणि हे मतल्यातच जाहीर झालेलं असतं. पुढे 'हवा', 'सभा', 'कला' सगळं खुलं. ही फसवणूक नाही.

मात्र स्वरकाफियाला रदीफ भक्कम लागतो. 'आठवेना'सारखा सात मात्रांचा शब्द मागे उभा असला की स्वराची जुळणी पुरते. रदीफच नसलेल्या, गैरमुरद्दफ गझलेत ती पुरत नाही. शेर संपला हेच समोरच्याला कळत नाही, दाद उशिरा येते किंवा येतच नाही. माझ्या मते स्वरकाफियाची खरी मर्यादा ही. बंदी घालायचं काहीच कारण नाही.

माधव जूलियनांनी 'गज्जलांजली'त गझल मराठीत रुजवू पाहिली, सुरेश भटांनी 'गझलेची बाराखडी' लिहून तिचे नियम नवोदितांच्या हाती दिले. पण भटांची गझल घराघरांत पोचली ती मैफलीतून, गाण्यातून. म्हणून कार्यशाळांमध्ये एक करून बघावं: एकाच मतल्याची दोन्ही रूपं, पुढच्या चार-पाच शेरांसकट, कागद न वाटता मोठ्याने म्हणावीत. दुसऱ्या शेरापासून श्रोते आपणहून रदीफ उचलतात का, आणि कुठल्या शेराला थांबतात, याची नोंद ठेवावी.