उदाजी गेला, पट्टा कुणाचा?

डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे एकेक कॅरेक्टर घेऊन, फासे टाकत गोष्ट खेळायचा गेम. तो खेळणाऱ्याला मरायची भीती नसते, मेल्यानंतरच्या दोन तासांची असते. म्हणजे कसं, रविवारी संध्याकाळी कोल्हापुरात राजारामपुरीत मित्राच्या हॉलमध्ये सगळे जमणार, आपण साडेसातला मरणार आणि बाकीच्यांचं सेशन चालणार साडेनऊपर्यंत. घरी जावं तर वाईट दिसतंय, बसावं तर काम काय? मग कुणालातरी आठवतंच, "भावा तू मोकळाच हाईस न्हवं, खालनं चहा सांगून ये की." आमच्याकडं मयताला कुणी बसू देत नाही.

उदाजी माझं कॅरेक्टर, फायटर म्हणजे लढवय्या, पाचव्या लेव्हलचा. तालमीतला गडी, त्याच्या बॅकस्टोरीत मी रोजची थंडाई आणि पाचशे जोर लिहिलेले आणि डीएमनं, म्हणजे गोष्ट चालवणाऱ्या डंजन मास्टरनं, काही न बोलता मंजूर केलेले. तो गुहेत ओगर नावाच्या राक्षसाच्या हातनं पडला. आता हिट पॉइंट, म्हणजे अंगातला जीव, शून्यावर आले म्हणून माणूस लगेच मरत नाही. १९७४ ला हा गेम आला तेव्हा शून्य म्हणजे खलास, हिशोब साफ होता. आताच्या नियमात डेथ सेव्ह असतात. आपली पाळी आली की वीस बाजूंचा फासा टाकायचा, १० किंवा वर आलं तर पास, खाली आलं तर नापास, तीन पास आधी झाले तर तगला, तीन नापास झाले तर गेला. २० पडले तर गडी एका हिट पॉइंटवर डोळे उघडतोय. आणि १ पडला तर दोन नापास एकदम, ही कुणाची आयडिया काय माहीत. मला आधी ८ पडले, नंतर १. विषय हार्ड.

मग सगळ्यांनी क्लेरिककडं, म्हणजे मंत्र टाकणाऱ्या पुजाऱ्याकडं बघितलं. क्लेरिक खेळणारा मित्र खऱ्या आयुष्यात मेडिकल चालवतोय, अख्ख्या पेठेला उधारीवर गोळ्या देतोय. त्याच्या कॅरेक्टरला रिव्हिव्हिफाय नावाचा मंत्र येत होता, मेल्यापासून एका मिनिटाच्या आत टाकला की माणूस उठतोय, पण त्याला ३०० सोन्याच्या नाण्यांचे हिरे लागतात आणि ते जळून जातात. हिरे नव्हते. गेममधलं एक मिनिट म्हणजे दहा राउंड, म्हणजे सगळ्यांच्या दहा-दहा पाळ्या, ते खेळायला आम्हाला पाऊण तास लागला, आणि त्या पाऊण तासात हिरे मागच्या गावात का घेतले नाहीत यावर इतकं भांडण झालं की खालच्या काकू बघून गेल्या.

ओगर मेला एकदाचा. आता दोन शब्द बोलतील, निदान डोळे तरी मिटतील म्हणून मी वाट बघत बसलोय तर विझार्ड, म्हणजे जादूगार खेळणारी मैत्रीण म्हणाली, "त्याचा पट्टा मी घेतो."

हिल जायंटचा पट्टा! घातला की ताकद थेट २१. विझार्डला काय करायचाय? तर म्हणे पुस्तकं उचलायला बरा पडतोय. बरं असल्या जादूच्या वस्तूशी नातं जुळवायला तासभराची शॉर्ट रेस्ट लागते, ती त्यांनी तिथंच घेतली, उदाजीच्या शेजारी. मला उठवायला मिनिट पुरलं नाही, पट्ट्याला मात्र तास निघाला. ढाल क्लेरिकनं नेली, चिलखत विकायला काढलं. सख्ख्या भावांच्या वाटण्या मी बघितल्यात, त्यात निदान तेरावा होईपर्यंत तरी थांबतात.

तरी एक रस्ता होता. गावातल्या देवळात रेझ डेड करणारा पुजारी होता, ५०० नाण्यांचा हिरा दिला तर दहा दिवसांच्या आतलं मढं उठवतोय. दहा दिवस! हा नियम बसवणाऱ्याला पंचगंगेचा घाट माहीत असणं शक्य नाही, पण बरोबर दहाव्यावर येऊन थांबलाय बाबा. आणि यात आत्मा राजी लागतोय, त्याला यायचं नसेल तर हिरा असून उपयोग नाही. सातव्या दिवशी ह्यांनी कुठनंतरी हिरा पैदा केला, पुजाऱ्यानं मंत्र म्हटला आणि डीएमनं मला विचारलं, "उदाजीचा आत्मा परत यायला तयार आहे का?"

मी म्हणालो, "पट्टा?"

कुणी काही बोलेना. आपल्यात कावळा शिवत नाही म्हटल्यावर एकेक जण पुढं येऊन हात जोडतोय, पोरांचं बघतो, म्हातारीचं बघतो, अमक्याचे पैसे फेडतो, काय काय कबूल करतात लोक. इथं विझार्ड मोबाईल बघत होती. क्लेरिक म्हणाला, "भावा, नवीन कॅरेक्टर कर की, भारी होतंय."

मग नाही आलो. आत्म्याला पण स्वाभिमान असतोय.

नवीन कॅरेक्टर उदाजीचा धाकटा भाऊ. आकडे सगळे तेच, फक्त मिशी वाढवली. पहिल्याच सीनला त्यानं थोरल्याच्या वस्तू मागितल्या तर विझार्ड म्हणते, तू भाऊ कशावरनं, वारस दाखला आण. डीएमनं हसत हसत पर्स्युएशनचा, म्हणजे समोरच्याला पटवायचा फासा टाकायला लावला, मला १९ पडले, तर लगेच ती म्हणाली खेळाडूवर असले रोल चालत नाहीत, आणि डीएमनं मान हलवली. तो पण पलटला.

असू दे. विझार्डला हिट पॉइंट मुळात कमीच असतात, पट्ट्यानं ताकद वाढते, ते वाढत नाहीत. मी कुणाचं वाईट चिंतत नाही, पण पुढच्या लढाईला मी तिच्या अगदी शेजारीच उभा राहणार हाय.