'अपडेट बंद, कटकट बंद' म्हणे!

आयटी सांभाळणाऱ्यांच्या ग्रुपांमध्ये सध्या एक मेसेज फिरतोय: 'ऑफिसमधल्या सगळ्या पीसींचं ऑटो अपडेट आजच बंद करा.' खाली पाच कारणं दिली आहेत. अपडेटमुळेच मशिनं बंद पडतात, अँटिव्हायरस असला की अपडेट लागत नाही, पन्नास मशिनं एकदम डाउनलोडला लागली की नेट बसतं, भर कामात रिस्टार्ट होतो, आणि गरज पडेल तेव्हा हातानं करता येतंच. शेवटी विंडोज अपडेटची सर्व्हिस (मागे आपोआप चालणारा प्रोग्रॅम) डिसेबल करायची कमांड, सगळीकडे पाठवायला तयार.

तक्रारी खोट्या नाहीत. त्यातल्या तीन मी स्वतः केल्या आहेत. पण इलाज रोगापेक्षा भयंकर आहे.

'अपडेटमुळेच मशिनं बंद पडतात.' याला पुरावा म्हणून १९ जुलै २०२४ चा निळा स्क्रीन दाखवतात. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानं ८५ लाख विंडोज मशिनं आडवी झाली, हे खरंच. पण ते विंडोजचं अपडेट नव्हतं. क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा सॉफ्टवेअरची एक सदोष फाइल होती, आणि ती त्या कंपनीच्या स्वतःच्या वाटेनं आली. विंडोज अपडेटची सर्व्हिस बंद ठेवलेलं मशीनही तितकंच आडवं झालं असतं. ही फाइल जेमतेम ७८ मिनिटं बाहेर होती. 'आम्ही मुद्दाम एक आवृत्ती मागे राहतो' म्हणणारेही त्यात सापडले, कारण तो नियम प्रोग्रॅमच्या आवृत्तीला लागू होता, या फाइलला नाही. फाइल सगळीकडे एकदम गेली, मुळात चुकलं ते तिथे. पुढचे हाल वेगळेच: प्रत्येक मशीनपाशी जाऊन सेफ मोड (विंडोज अगदी जुजबी रूपात चालू करणं), फाइल डिलीट, आणि डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असेल तर आधी ४८ अंकी रिकव्हरी की. ज्यांनी त्या की एका जागी साठवलेल्या नव्हत्या, त्यांचे वांधे झाले. लांबून मशिनं सांभाळायची तर ती यादी आधी हाताशी हवी.

विंडोजची स्वतःची पापंही आहेतच. ऑक्टोबर २०१८ च्या मोठ्या अपडेटनं काहींच्या डॉक्युमेंट्समधल्या फाइली उडवल्या. जानेवारी २०२२ मध्ये एका पॅचनं (दुरुस्तीच्या छोट्या अपडेटनं) व्हीपीएन, म्हणजे बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडायची वाट, तोडलं आणि काही डोमेन कंट्रोलर, म्हणजे सगळ्यांचं लॉगइन सांभाळणारे सर्व्हर, पुन्हा पुन्हा रिस्टार्ट व्हायला लागले. पण पहिलं अपडेट चार दिवसांच्या आत मागे घेतलं गेलं आणि दुसऱ्याची दुरुस्ती आठवड्याभरात आली. म्हणजे आठवडाभर थांबणाऱ्याला दोन्हींची झळ लागली नाही. हे थांबणं ग्रुप पॉलिसीत, म्हणजे सगळ्या मशिनांना एकदम लावायच्या नियमांत, आहे: महिन्याचे पॅच ३० दिवसांपर्यंत आणि मोठी आवृत्ती ३६५ दिवसांपर्यंत लांबवता येते. महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी पॅच आले की आधी पाच मशिनं, आठवड्यानं बाकीची, सर्व्हर सगळ्यांत शेवटी. त्या पाचांत आयटीवाल्याचं मशीन घेऊन समाधान मानू नका. त्यावर ना जुना प्रिंटर असतो, ना अकाउंट्सचं सॉफ्टवेअर. जिथे मोडण्यासारखं काही आहे, तीच मशिनं निवडा.

'अँटिव्हायरस आहे ना.' फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय पसरला १२ मे २०१७ ला. ज्या भोकातून तो शिरला, त्याचा पॅच मायक्रोसॉफ्टनं १४ मार्चलाच दिला होता. एकदा आत आल्यावर कुणी काही क्लिक करायची गरज नव्हती, शेअर फोल्डरच्या वाटेनं तो एका मशीनवरून दुसऱ्यावर गेला. अँटिव्हायरस असं भोक बुजवत नाही. आणि नेटवर्कचा पहारेकरी फायरवॉल दारावर असतो, पण लॅपटॉप बॅगेतून आत येतो.

मेसेजवाल्यांनी खरं तर त्याच वर्षीच्या जूनमधलं नॉटपेट्या हे व्हायरसचं प्रकरण पुढे करायला हवं होतं. ते युक्रेनमधल्या हिशोबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच आलं, आणि पॅच मारलेली मशिनंही त्यानं खाल्ली. याला माझ्याकडे एका ओळीचं उत्तर नाही. एवढंच सांगतो की एका मशीनच्या मेमरीतले पासवर्ड उचलून ते पुढच्या मशीनवर जायचं. सगळ्यांना एकच ॲडमिन पासवर्ड ठेवला असेल तर आधी तो बदला. अपडेटची सर्व्हिस बंद करून त्याला अडवता आलं नसतं.

नेट बसण्यावर उपाय जुना आहे. विंडोजच्या डिलिव्हरी ऑप्टिमायझेशनमध्ये एका मशीननं आणलेले तुकडे शेजारची मशिनं तिच्याकडूनच घेतात, आणि वेगावर मर्यादाही घालता येते. डब्ल्यूसस सर्व्हर (अपडेट स्वतः उतरवून ऑफिसातल्या मशिनांना वाटणारा) असेल तर डाउनलोड एकदाच होतं. फक्त त्या सर्व्हरलाही वेळेवर पॅच मारा. ऑक्टोबर २०२५ मध्ये खुद्द डब्ल्यूससमध्येच गंभीर भोक निघालं होतं.

रिस्टार्टबद्दल मात्र थोडं सविस्तर. 'अ‍ॅक्टिव्ह अवर्स' १८ तासांपर्यंत ठेवता येतात, तेवढ्या वेळात विंडोज आपणहून रिस्टार्ट करत नाही. 'युजर लॉगइन असेल तर रिस्टार्ट नको' अशीही पॉलिसी आहे, आणि नवशिका आधी तीच लावतो. मग लोक लॉगआउट करतच नाहीत आणि पॅच अर्धवट लटकत राहतो. त्यापेक्षा डेडलाइन द्या: तीन दिवस, वर दोन दिवसांची सवलत, तोवर वेळ युजरनं निवडावी.

आमच्याकडे एका मशीनवर पॅच 'रिस्टार्ट बाकी' म्हणून अडकला होता. फोन केला तर मॅडम म्हणाल्या, "अहो, मी रोज बंद करूनच घरी जाते." टास्क मॅनेजर उघडला, अपटाइम (विंडोज सलग किती चालू आहे) ४३ दिवस! मॅडम खोटं बोलत नव्हत्या. फास्ट स्टार्टअप चालू असलं की 'शट डाउन'नंतर विंडोजचा गाभा डिस्कवर झोपवला जातो आणि सकाळी तोच जागा होतो. 'रिस्टार्ट' दाबलं तरच खरी नवी सुरुवात होते. त्या आठवड्यात आम्ही फास्ट स्टार्टअप सगळीकडे बंद केलं.

राहिलं 'गरज पडेल तेव्हा हातानं करू'. पण गरज पडली हे कळणार कसं? शिवाय मेसेजमधली कमांड टिकेलच असं नाही. विंडोज १० पासून अपडेट मेडिक नावाची वेगळी सर्व्हिस आहे आणि बंद केलेलं अपडेट पुन्हा चालू करणं हेच तिचं काम. मग काही मशिनं बंद, काही चालू, आणि कुठली कोणती ते कुणालाच माहीत नाही. म्हणून मी सोमवारी सकाळी आधी अपडेटच्या रिपोर्टमधला 'शेवटचा संपर्क' (मशीन सर्व्हरशी शेवटचं कधी बोललं) हा कॉलम जुन्या तारखेपासून लावून बघतो. गेल्या वेळी सगळ्यात वर जो लॅपटॉप होता तो स्टोअरच्या कपाटात सापडला, वर चिठ्ठी: 'चालू आहे, नवीन माणसाला द्यायचा'.