येळ्ळूरचा बासमती खायला ठेवा, वायरलेस सेटला नको

बेळगावात समुद्र नाही, पण समुद्राचे सल्ले द्यायला आम्ही कमी पडत नाही. सध्या इथल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: बोटीवरचा वायरलेस, जीपीएस नाहीतर फिश फाइंडर (मासे शोधायचं यंत्र) भिजला तर गोड्या पाण्याचा थेंबही लावू नका, उन्हात वाळवा, मग २४ तास तांदळात पुरून ठेवा. वर डब्ल्यूडी-४० हा तेलकट स्प्रे मारा. सेटवर आयपी६७ (धूळ-पाणी रोखण्याचा दर्जा) लिहिलं असेल तर यातलं काहीच करायची गरज नाही. आणि पावसाळ्यात सेट प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवा. कारवार-वेंगुर्ल्याकडे पाहुणे असलेल्या प्रत्येकाने तो पुढे पाठवलाय. त्याच पाहुण्यांचे सेट शेवटी दुरुस्तीला माझ्या टेबलावर येतात की, म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात महागात पडते ती गोड्या पाण्याची ओळ. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. उन्हात पाणी उडून जातं, क्षार जागच्या जागी राहतात: आयसीच्या (बोर्डावरच्या चिपच्या) पायांत, रिलेच्या पॉइंटवर, कनेक्टरच्या पोटात. आषाढात जांबोटी-खानापूरकडच्या कुठल्याही घरात मिठाची बरणी उघडून बघा, मिठाला पाणी सुटलेलं असतं. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की विरघळायला लागतं. समुद्राच्या क्षारात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, त्याला ३३ टक्के पुरतात. म्हणजे दुपारी खडखडीत वाळलेला सेट रात्री दमट हवेत आतून पुन्हा ओला होतो, वरून थेंबही न पडता. त्यात १२ व्होल्टचा सप्लाय जोडला की तांब्याचे ट्रॅक हिरवे पडतात आणि झिजत जातात. असा सेट आठ दिवस बरा चालतो, मग मरतो. आणि नाव दुरुस्तीवाल्याचं खराब होतं.

तेव्हा गोडं पाणी लावायचंच. आधी सप्लाय तोडा, बॅटरी काढा, आणि 'चालतोय का बघू' म्हणून बटण दाबू नका. (हे कुणालाच जमत नाही. मलाही स्वतःच्या मोबाइलच्या वेळी जमलं नव्हतं.) झाकण उघडा, डिस्प्ले आणि स्पीकर काढून बाजूला ठेवा, कारण स्क्रीनच्या थरांत शिरलेलं पाणी निघत नाही. बोर्ड मऊ ब्रशने गोड्या पाण्यात धुवा. शेवटचं धुणं डिस्टिल्ड वॉटरचं, गाडीच्या बॅटरीत घालतात तेच. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल. काहीजण थेट अल्कोहोलच ओततात, पण त्यात मीठ जवळजवळ विरघळत नाही. राहिलेलं पाणी काढून लवकर वाळवणं एवढंच त्याचं काम. लिथियम बॅटरी खाऱ्या पाण्यात बुडाली असेल तर ती परत चार्ज करू नका, घराबाहेर मोकळ्या जागी ठेवा.

तांदळाचं खूळ कुठून आलं ते कळतं. मिठाच्या बरणीत आपल्या आज्या चार दाणे टाकायच्याच. पण तांदूळ बंद डब्याच्या आतलं पाणी ओढत नाही, आणि मिठाला तर हातही लावत नाही. भुसा आणि पीठ मात्र फटींत जातं. अॅपलनेही आपल्या ग्राहकांना ओला फोन तांदळात ठेवू नका असंच सांगितलंय.

आयपी६७ मधला ६ धुळीसाठी, पाण्यासाठी फक्त ७. त्याचा अर्थ एक मीटर खोल गोड्या, स्थिर पाण्यात ३० मिनिटं, तेही नव्या कोऱ्या सेटला. दोन-तीन वर्षं उन्हात तापून कडक झालेल्या रबरी सीलला हा आकडा लागू नाही.

डब्ल्यूडी-४० पाणी हटवतं, नावातला डब्ल्यूडी त्यासाठीच आहे. पण खालचं मीठ तेलाच्या थराखाली तसंच राहतं. बोर्डावर नको. धुऊन वाळवलेल्या प्लगला डायइलेक्ट्रिक ग्रीस (वीज न वाहणारं, ओलावा अडवणारं) लावलेलं बरं.

राहिली पिशवी. कर्नाटकाच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा सेट दोन महिने पडून राहतात. चालू सेट स्वतःच्या उबेने थोडा तरी कोरडा राहतो, बंद पडलेल्याला ती ऊब नसते. किनाऱ्यावरची दमट हवा पिशवीत कोंडली की रात्री गारठ्याला तिचंच दव सेटवर बसतं. रबरी कडेचा घट्ट झाकणाचा डबा घ्या आणि आत सिलिका जेल टाका. केशरी रंगाचं घेतलंत तर ओलावा भरला की ते हिरवं होतं. ११०-१२० अंशांवर तापवलं की परत वापरता येतं, पण स्वयंपाकाच्या कढईत नको.

माझ्या एका गिऱ्हाइकाने याहून सोपं केलं. त्याची मेहुणी अथणीला दिलेली आहे, तिकडे पाऊस कमी, हवा कोरडी. जूनला तो धुऊन वाळवलेले दोन्ही सेट डब्यात भरून तिकडे नेऊन टाकतो आणि जुलै संपता संपता परत आणतो. मेहुणी दरवर्षी विचारते म्हणे, यात नक्की ठेवलंय काय?