टोल तिकडे गेला, इकडे आला

मुलुंड चेकनाक्यावरचा पंचेचाळीस रुपयांचा टोल बंद झाला, त्या दिवशी आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पेढ्यांचे फोटो आले होते. ऑक्टोबर २०२४ ची गोष्ट. विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर मुंबईच्या पाचही नाक्यांवर (दहिसर, ऐरोली, वाशी आणि मुलुंडचे दोन) हलक्या वाहनांना टोलमाफी मिळाली. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत न्यूयॉर्कने नेमकं उलटं केलं. ५ जानेवारी २०२५ पासून शहराच्या गजबजलेल्या मॅनहॅटन भागात, साठाव्या रस्त्याच्या दक्षिणेला, दिवसा गाडी घातली की ९ डॉलर. तिथेही निवडणूक आडवी आलीच होती. न्यूयॉर्क राज्याच्या गव्हर्नर होकुल बाईंनी जून २०२४ मध्ये १५ डॉलरची मूळ योजना गुंडाळून ठेवली, आणि नोव्हेंबरचं मतदान उरकल्यावर ९ डॉलर करून पुन्हा बाहेर काढली.

परवाच्या शनिवारी आम्ही दोघं दिवसभरासाठी न्यूयॉर्कला जाऊन आलो. राहतो न्यू जर्सीत. गाडी मेट्रोपार्क स्टेशनवर लावली आणि ट्रेनने गेलो. मी ग्रुपवर तसं लिहिल्याबरोबर मुलुंडचे आमचे दीर उसळले. "वहिनी, एकदा सकाळी साडेआठला मुलुंडहून लोकलमध्ये चढून दाखवा, मग आम्हाला टोलचं शिकवा."

त्यांचं खोटं नाही. जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळ दारात लटकणारी माणसं लोकलमधून पडून मेली. अशा शहरात कोणाला 'गाडी काढू नका' म्हणायचं तरी कुठल्या तोंडाने?

आणि आमच्या ट्रेनप्रेमाचाही हिशोब सांगते. नवऱ्याने आदल्या रात्री आकडे मांडले. न्यू जर्सीहून मॅनहॅटनला जाणाऱ्या लिंकन बोगद्याचा टोल सोळा डॉलरच्या वर, त्यात हे नऊ, बोगद्यातून आलात म्हणून तीनची सूट, म्हणजे बावीस. दोघांचं ट्रेनचं येण्याजाण्याचं तिकीट याहून जास्त पडतं. गाडीच स्वस्त! मग त्याने मॅनहॅटनच्या मधल्या भागातल्या, मिडटाउनमधल्या पार्किंगचे दर उघडले आणि मुकाट्याने ट्रेनचं वेळापत्रक काढलं. नऊ डॉलरने आम्हाला गाडीतून खाली उतरवलं असं म्हणणं म्हणजे थाप होईल. गाडी लावायची सोय महाग आणि ट्रेन हाताशी, म्हणून उतरलो.

ती ट्रेन काही पालखी नव्हे. ती न्यूयॉर्कला जिथे पोचते ते पेन स्टेशन म्हणजे बुटक्या छताचं तळघर. १९६३ मध्ये वरची भव्य इमारत पाडायला घेतली, खाली हे उरलं. संध्याकाळी परतताना शेकडो माणसं मान वर करून फलाटाच्या बोर्डाकडे बघत उभी असतात. गाडी सुटायला थोडा वेळ उरला की आकडा उजळतो आणि सगळा घोळका एका अरुंद जिन्याकडे धावतो. दादरच्या पुलावर वाढलेल्या माझ्या नवऱ्याला तिथे अगदी माहेरी आल्यासारखं वाटतं. पिशव्या सांभाळत मी मागे, हा पुढे जाऊन खिडकी धरून बसलेला.

शहरात मात्र फरक जाणवतो. टाइम्स स्क्वेअरमध्ये ब्रॉडवेवरच्या गाड्या २००९ मध्येच बंद केल्या. तिथे खुर्च्या टाकून लोक निवांत बसलेले असतात, आम्हीही बसलो. नव्या टोलनंतर त्या भागात येणाऱ्या गाड्या दहा टक्क्यांच्या आसपास घटल्या असं एमटीए, म्हणजे तिथली सार्वजनिक वाहतूक चालवणारी संस्था, म्हणते. आमच्या न्यू जर्सीने याविरुद्ध कोर्टात धाव घेतली होती. इथल्या शेजाऱ्यांची तक्रार मुलुंडकरांनी लिहून दिल्यासारखी: बोगद्याचा टोल आधीच भरतोय, आता हा आणखी कशाला?

पण टोलचा पैसा कुठे जातो, ते इथे ठरलेलं आहे. पहिल्या वर्षाचं लक्ष्य ५० कोटी डॉलर. त्याच्या जोरावर १५ अब्ज डॉलर उभे करून सबवेच्या, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेच्या सिग्नलवर, लिफ्टवर आणि सेकंड अॅव्हेन्यूची लाइन १२५ व्या रस्त्यापर्यंत नेण्यावर खर्च करायचे. गाडीवाला भरतो, सबवेवाल्याला मिळतं. (सबवेचं भाडंही जानेवारी २०२६ पासून तीन डॉलर झालं, हेही खरं.)

मुंबईच्या नाक्यांवर हाच धागा तुटलेला होता. उड्डाणपुलांचा खर्च काढायचा म्हणून वसुली सुरू झाली, आणि किती निघाला, किती राहिला हे सामान्य माणसाला कधी उमगलंच नाही. लोकांचा राग टोलवर कमी आणि त्या न दिसणाऱ्या हिशोबावर जास्त होता, आणि तो योग्यच होता. मला खटकतं ते पुढचं. टोलमाफीला सात महिने होतात न होतात तोच, मे २०२५ मध्ये बेस्टचं किमान भाडं पाचाचं दहा झालं, एसी बसचं सहाचं बारा. म्हणजे कारवाल्याचे पंचेचाळीस वाचले आणि बसच्या रांगेतल्या बाईचे दुप्पट झाले. तेव्हा ग्रुपवर पेढे सोडाच, कोणी साधा 'लाइक'चा अंगठाही टाकला नाही, कारण आमच्या ग्रुपवर बसने जाणारं कोणी नाही.

इथे बसून 'टोल परत लावा' म्हणायची माझी छाती नाही, दिरांच्या तावडीत तर नाहीच. पण बेस्टच्या भाडेवाढीचा पुढचा प्रस्ताव येईल, तेव्हा मुलुंडकरांनी एवढं तरी विचारावं: पाच नाक्यांवर गाड्यांना किती कोटी सोडले, आणि तेवढ्यात किती बस आल्या असत्या?