मे महिन्यातला मामा

मामाच्या गावाला जाण्याचं कौतुक आजवर फक्त भाच्यांनीच केलंय. आंबराई, विहीर, झोपाळा, मामीच्या हातचं शिकरण, सगळं त्यांच्या बाजूने. ही मंडळी येऊन गेल्यावर मामाचं काय झालं, हे विचारायला कुणी येत नाही. म्हणून आपण होऊन सांगतो. मी मामा आहे आणि माझं गाव सोलापूर आहे. आंबराई नाही. झोपाळा होता, त्यावर आता कपडे वाळतात. ऊन मात्र मुबलक. मे महिन्यात पारा 42-43 अंशांवर असला की आम्ही एकमेकांना सांगतो, आज जरा बरं आहे.

ताई पुण्यात असते. सुट्टीत पोरांना मोबाईलपासून लांब ठेवायचं ही तिची तळमळ, आणि हे काम आपल्यापासून अडीचशे किलोमीटर लांब व्हावं ही त्याहून मोठी तळमळ. थोरला भाचा आता सातवीत जाणार, धाकटी दुसरीत. दोघं गाडीतून उतरतात ती हातात यादी घेऊनच. ‘कुटुंबासोबत करायच्या उन्हाळी गमती’. सकाळी निसर्गफेरी, दुपारी बागेत सहभोजन, मग पाण्याचे खेळ, रात्री आकाशदर्शन. ऊन पडलं की लोक आनंदाने घराबाहेर पडतात अशा कुठल्यातरी देशात ही यादी तयार झाली असणार. आमच्याकडे ऊन पडलं की दार लावून घेतात. दुपारी बारा ते पाच सोलापुरात बागेत सहभोजन करायचं म्हटलं तर भाकरी घरून नुसती थापून न्यावी, भाजायचं काम तिथला बाक करेल.

‘पाण्याचे खेळ’ हे शब्द थोरल्याने मोठ्याने वाचले आणि माझ्या आईने, म्हणजे त्यांच्या आजीने, पोथीतून मान वर केली. आमच्या भागात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, आणि येतं ते मुहूर्त न सांगता. टाकीत किती, बॅरलमध्ये किती, तांब्याच्या घागरीत किती, हा हिशोब आईच्या डोक्यात असतो आणि त्याचं लेखापरीक्षणही तीच करते. पाण्याचे फुगे फोडायचे, हे धाकटीने तिला हातवारे करून समजावलं. आई शांतपणे म्हणाली, “फोड की. आंघोळीच्या वाटणीतलं घे.” फुगे आजही पाकिटात आहेत.

पण खरा पाण्याचा खेळ ज्या रात्री पाणी आलं त्या रात्री झाला. पहाटे तीनला गल्लीत कुणीतरी ओरडलं, “पाणीऽऽ!” आणि घराघरांतून मोटारी सुरू झाल्या. थोरला पाइप धरून, धाकटी बॅरलपाशी पहाऱ्यावर. भरत आलं की ओरडायचं एवढंच तिचं काम, पण ती अर्धं भरल्यापासूनच ओरडत होती. बादल्या, कळशा, पातेली, शेवटी कुकर आणि तिची रंगपेटी धुवायची वाटीसुद्धा भरली. पोरं नखशिखांत भिजली. हसून हसून धाकटीला उचकी लागली. मी मात्र सकाळी ऑफिसात फायलीवर डोकं ठेवून झोपलो, आणि साहेबांनीही उठवलं नाही. त्यांच्याकडेही त्याच रात्री पाणी आलं होतं.

दुसऱ्या दिवशी थोरल्याने पेपर वाचला आणि चक्रावला. “मामा, उजनी धरण उणे वीस टक्के आहे म्हणे. धरण उणे कसं असेल?” त्याला बसवून सांगितलं. उजनीत एकूण सुमारे 117 टीएमसी, म्हणजे 117 अब्ज घनफूट, पाणी मावतं. त्यातलं निम्म्याहून जास्त, 63 टीएमसीच्या वर, मृतसाठा, म्हणजे नेहमीच्या दारांच्या खाली तळाशी उरणारं पाणी. टक्के मोजायचे ते त्याच्या वरच्या उपयुक्त पाण्याचे. ते संपलं की शून्य, आणि मृतसाठ्याला हात घातला की उणे. बाहेरगावच्या माणसाला वाटतं धरणात खड्डा पडला, सोलापूरकराला त्यावरून फक्त पुढचं पाणी किती दिवसांनी येणार ते कळतं. ज्या ऋण संख्यांसाठी ताई पुण्यात शिकवणीचे पैसे भरते त्या पोराला अर्ध्या तासात समजल्या. मला आनंद झाला. तो संध्याकाळपर्यंतच टिकला. घामेजून घरी आलो, टॉवेल घेतला, तर न्हाणीघराच्या दारात थोरला वही घेऊन उभा. “मामा, टाकी उणे दहा टक्के. तुझी आंघोळ उद्या.” आई मागून म्हणाली, “पोरगं हुशार आहे हो.”

कूलरचंही तसंच. आमची हवा कोरडी, म्हणून वाळ्याच्या ताट्यांवरचं पाणी भराभर वाफ होतं, वाफ होताना हवेतली उष्णता घेतं आणि कूलर खरोखर गार वारा देतो. पण त्यासाठी तो बादल्यांनी पाणी पितो. त्यामुळे कूलर लावायचा की नाही यावर दर दुपारी घरात सर्वपक्षीय बैठक होते. मे अखेरीस वळवाचे ढग आले, हवा दमट झाली, की तेवढंच पाणी पिऊन तो नुसती ओली हवा अंगावर फेकतो. तरी त्याच्या समोरच्या जागेवरून पोरांची मारामारी चालूच. मी तोडगा काढला, दहा-दहा मिनिटांच्या पाळ्या. पाळ्या लावणाऱ्याची पाळी कधी आलीच नाही.

यादीत नसलेली गोष्ट आईने काढली. तिने कुरडयांसाठी गहू भिजत घातले. तीन दिवस रोज पाणी बदलायचं, मग वाटून, गाळून, सत्त्व खाली बसू द्यायचं, वरचं पाणी ओतून टाकायचं (म्हणजे आमच्याकडे जास्वंदीला घालायचं), आणि पहाटे अंधारातच चीक शिजवायला घ्यायचा. त्या चिकात जोरकस हात फिरवणं हे काम मामाचं. गुठळी झाली तर ती माझी, चीक मऊसूत झाला तर तो आईचा. धाकटीने वाटीभर गरम चीक तूप-साखर घालून खाल्ला आणि जाहीर केलं की नूडल्स यापुढे बंद. मग गच्चीवर जुन्या सोलापुरी चादरीवर धुतलेलं धोतर अंथरून कुरडया घातल्या. राखणीला दोघं जिन्याच्या सावलीत काठी घेऊन बसले. कावळे आलेच नाहीत, त्यांना ऊन कळतं. ओल्या कुरडया मात्र कमी होत गेल्या. आईने मोजल्या नाहीत. पाण्याचा थेंब थेंब मोजणारी ही बाई नातवंडांच्या बाबतीत एकदम अंकगणित विसरते.

आता आकाशदर्शनाकडे येतो. यादीत ते रात्रीचं होतं. थोरल्याने कुठूनतरी शोधलं की सोलापुरात मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य भर दुपारी बरोब्बर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्यामधल्या गावांना वर्षातून दोनदा हा योग येतो. आपला दुसरा ऑगस्टच्या सुरुवातीला, तेव्हा ढग. म्हणजे संधी हीच, आणि वेळ साधारण बारा वाजून तेवीस मिनिटांची. वर्षात ज्या मिनिटाला गच्चीवर मुळीच जाऊ नये तेच मिनिट विज्ञानाने निवडलं होतं.

“सावली नाही ते बघायला उन्हात जायचं?” आई म्हणाली. या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हाही उत्तर नव्हतं.

डोक्याला ओले पंचे बांधून आम्ही वर गेलो. मध्यभागी स्टीलचा पेला उपडा ठेवला. सव्वाबाराला त्याच्या कडेला सावलीची बारीक कोर होती. थोरला पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कसा कललाय ते सांगत होता. मला फक्त चपलेच्या तळव्यातून वर येणारी फरशी कळत होती. पलीकडच्या गच्चीवर टॉवेलच्या कारखान्याचे मालक आजोबा पत्रा झाकायला आले होते. ते थबकले. “काय करालाय मामा भर उन्हात?” मी म्हटलं, “सावली जायची वाट बघतोय.” त्यांनी आधी पेल्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं आणि जिन्यातून खाली ओरडले, “अगं, शेजारी लिंबू सरबत पाठव. लवकर पाठव.”

आणि ती कोर खरंच गेली. पेला तसाच उभा, भोवती काही नाही. धाकटीने स्वतःच्या पायाखाली वाकून पाहिलं, एक पाय उचलून पाहिलं आणि घाबरून मला बिलगली. “मामा, माझी कुठे गेली?” क्षणभर मीही ऊन विसरलो. मग पेला उचलायला हात घातला आणि लगेच आठवलं. तो पेला आम्ही संध्याकाळी खाली आणला.

सहलीशिवाय सुट्टी पुरी होत नाही. आईला तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर यांपैकी काहीही चालणार होतं. सोलापुरातून कुठल्याही दिशेला निघालं तरी देव भेटतो, त्यामुळे तिचा आग्रह नसतो. बायको म्हणाली, जिथे एसी असेल तिथे. पोरांना पाणी हवं होतं. असल्या वेळी सोलापूरकर इतिहास बघत नाही, भिंतीची जाडी बघतो. विजापूरच्या गोलघुमटाच्या भिंती सुमारे 3 मीटर जाड, अंतर शंभर किलोमीटर. ठरलं.

पहाटे पाचला निघायचं म्हणून साडेसातला निघालो. बरोबर कडक भाकरी, शेंगांची चटणी, घट्ट दही. टाकळीला भीमेचा पूल ओलांडला की कर्नाटक. पुलावरून खाली वाळूच जास्त दिसत होती. थोरल्याने वही काढली. मी गाडी वेगात नेली.

घुमटाच्या कोपऱ्यातल्या मनोऱ्यातून सात मजले अरुंद जिना चढायचा. धाकटी तीन मजले चालली, चार मजले माझ्या खांद्यावर. वर घुमटाच्या आतून गोल सज्जा आहे. तिथे एका बाजूला भिंतीशी कुजबुजलं तर समोर, सुमारे 38 मीटरवर, शब्द न् शब्द ऐकू येतो. खाली 1656 साली वारलेला मुहम्मद आदिलशहा निजलेला, आणि वर सुट्टीतली सगळी पोरं त्याला उठवायचा प्रयत्न करत होती. पोरं आजीबरोबर पलीकडे गेली. मी भिंतीला टेकून बायकोला हळूच म्हणालो, “पुढच्या वर्षी ताईलाच म्हणावं, आम्ही पुण्याला येतो. निदान आंघोळ तरी मिळेल.”

पलीकडून धाकटीचा आवाज आला, अगदी कानाशी. “मामा, आजी म्हणते, ऐकू आलं.”

त्या रात्रीच ही बातमी पुण्याला पोचली. पण ताईचा फोन आला तो पोरं परत गेल्यावर आठवड्याने, आणि सूर वेगळाच. “काय शिकवून पाठवलंस रे? धाकटी बापाला शॉवर लावू देत नाही. बादलीशी उभी राहते. थोरला रोज खडकवासल्याचे टक्के विचारतो. पण मोबाईल हातात नाही हो! मी म्हणते, पुढच्या खेपेला महिनाभरच पाठवते.”

मी जिभेवर साखर ठेवून म्हटलं, “ताई, उन्हाळ्यात कशाला? जानेवारीत पाठव. सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा असते, नंदीध्वज निघतात, हवा गार, हुरडा कोवळा. पोरांना काय मजा येईल!”

“अरे, जानेवारीत शाळा असते ना.”

“अरेच्चा,” मी म्हटलं, “ते माझ्या लक्षातच आलं नाही.”